भुट्ट्याच्या किसाचे गोत्र

गेल्या गणेशोत्सवात इंदूरमधल्या एका मराठी मंडळाने पाककृतींची स्पर्धा ठेवली. विषय होता ‘आमच्या घरचा वारसा’. घरात निदान तीन पिढ्या सणाला होत आलेला पदार्थ करून आणायचा, ही पहिली अट. पदार्थ ‘अस्सल महाराष्ट्रीय’ असावा, ही दुसरी. पंचाहत्तरीच्या एका काकूंनी भुट्ट्याचा कीस आणला. त्यांच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सोळा भाज्यांच्या जोडीला हा कीस पानात असतोच, आणि तो त्यांच्या आजेसासूबाईंपासून चालत आलेला आहे. परीक्षकांनी चव घेतली, वाहवा केली आणि ‘हा माळवी पदार्थ आहे’ असा शेरा मारून काकूंना स्पर्धेबाहेर ठेवले. पुढचे दोन आठवडे मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर त्यावरून रणधुमाळी माजली. एक पक्ष म्हणत होता की निर्णय योग्यच झाला, कुठेतरी रेघ ओढायलाच हवी. दुसरा म्हणत होता की चॉकलेटचे मोदक करण्याच्या काळात असल्या रेघा कसल्या ओढता, सगळे चालते. मी दोन्ही बाजूंचे जवळजवळ सगळे वाचले आणि माझे मत असे झाले की दोघेही चुकीच्या गोष्टीवर भांडत होते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. सणाचा पदार्थ वारशाचा आहे की नाही, हे त्याचा प्रदेश ठरवत नाही आणि त्यातले जिन्नसही ठरवत नाहीत. तो एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे, ठरल्या दिवशी, वर्षानुवर्षे गेला आहे की नाही, एवढीच कसोटी त्याला लावता येते. ती लावली तर काकूंचा कीस वारसा ठरतो आणि पुण्याहून कुरियरने मागवलेला, अगदी शास्त्रोक्त चवीचा फराळाचा डबा ठरत नाही. पहिल्या पक्षाला यातला पूर्वार्ध पचणार नाही, दुसऱ्याला उत्तरार्ध.

आता त्या किसाकडेच जरा नीट पाहू. श्रावण-भाद्रपदात माळव्यात कोवळा भुट्टा येतो. तो किसणीवर उभा धरून वरून खाली ओढत किसायचा. दाण्यांतला दुधाळ रस परातीत उतरतो आणि भुट्टा संपत आला की बोटांची सालटी निघतात. तुपात मोहरी, जिरे, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी करून कीस मंद आचेवर परतत राहायचा. त्याचा कच्चा वास जाऊन खमंग वास सुटला की दूध घालायचे, झाकण ठेवायचे, मीठ आणि चिमूटभर साखर घालून तो मोकळा होईपर्यंत आळवायचा. वरून लिंबू, खोबरे, कोथिंबीर. ही कृती वाचताना मराठी वाचकाला रताळ्याचा कीस आठवला नाही, तरच नवल. भुट्टा माळव्याचा, किसणे आपल्या रोजच्या स्वयंपाकातले, फोडणी घरोघरची. कुणी कुणाकडून घेतले याचा निवाडा करणारा कागद कुणापाशी नाही, आणि माझ्या युक्तिवादाला त्याची गरजही नाही. मौज एवढीच की ज्याला परका म्हणून बाहेर काढले, त्याचे नाव ‘कीस’.

बरे, मका तरी माळव्याचा कुठे? बाजारात हल्ली ‘देशी भुट्टा’ आणि ‘अमेरिकन भुट्टा’ असे दोन ढीग शेजारी शेजारी लागतात आणि आपण नाक मुरडत पहिल्याकडे वळतो. वंश पाहिला तर दोन्ही अमेरिकनच. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीपूर्वी हिंदुस्थानात मका नव्हता. हाच न्याय आपल्या सर्वांत सोवळ्या ताटाला लावून पाहावा. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत काय काय असते? साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची. चारही अटलांटिकपलीकडून आलेले. आजचा साबुदाणा कसावा नावाच्या कंदाच्या पिठापासून होतो आणि तमिळनाडूतल्या सेलम भागात त्याचे कारखाने 1940 च्या दशकात उभे राहिले. खिचडीत जुने म्हणावे असे तूप, जिरे आणि मीठ एवढेच उरते. जे धान्य शास्त्रकारांना ठाऊक होते ते उपासाला वर्ज्य ठरले आणि जे त्यांनी पाहिलेच नव्हते ते बिनदिक्कत आत आले. म्हणून आजीची खिचडी खोटी ठरते का? मुळीच नाही. तीन-चार पिढ्यांनी ती आषाढी-कार्तिकीला केली, साबुदाणा किती भिजवायचा आणि कूट केव्हा घालायचे हे एकमेकींना दाखवले, त्याबद्दल कुरबुरी केल्या, आणि ती आपली झाली. इंदुरात राजवाड्यापाशी आणि सराफ्यात हीच खिचडी वाफेवर ठेवून, वरून फराळी मिश्रण आणि लिंबू मारून विकतात. मंडळाच्या स्पर्धेत ती बाद झाली असती की उत्तीर्ण, हे मला खरोखर विचारायचे आहे.

परमुलखात गेलेल्या मराठी माणसांचा इतिहास या ‘अस्सल’पणाच्या विरुद्धच साक्ष देतो. तंजावरला भोसल्यांचे राज्य 17व्या शतकाच्या उत्तरार्धापासून 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत होते. तमिळ मुलखात राहून त्या मराठी घरांनी चिंच, नारळ आणि तांदूळ आपलेसे केले, आणि तरी घरात मराठी बोलत राहिले. त्यांची मराठी आज आपल्याला अनोळखी वाटते, पण ती त्यांची आहे. बडोद्यात उसळीवर शेव पडली आणि शेवउसळ त्या शहराची ओळख झाली. माळव्यातलेच उदाहरण हवे असेल तर महेश्वरी लुगडे घ्या. अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून महेश्वरला वसवले. किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षी काठांवर उतरली. ते लुगडे नेसून मराठी बायका मंगळागौरीला बसल्या, तेव्हा कुणी विणकराचे गाव विचारले नाही. खुद्द या शहरात 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी आली आणि तिच्यामागे मराठी घरे वाढत गेली. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने इंदुरात भरली. इथल्या मराठीत हिंदीची फोडणी आहे हे त्या संमेलनांना आलेल्यांना पहिल्या चहालाच कळले असेल. पण त्यामुळे कुणी इथल्या लेखकाला ‘माळवी’ म्हणून मंडपाबाहेर उभे केले नाही. भाषेला जी मुभा, ती भाजीला का नसावी?

विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र मी टाळणार नाही, कारण तो मला रात्री झोपताना छळतो. समूहावर एका निवृत्त शिक्षकांनी लिहिले होते की आपली नातवंडे घरात हिंदी बोलतात, शाळेत इंग्रजी शिकतात, मोडी तर सोडाच पण बाळबोध मराठीही त्यांना अडखळत वाचावी लागते. आता ओळखीची खूण म्हणून ताट तेवढे उरले आहे, तेही पातळ होऊ दिले तर ‘आपण मराठी’ म्हणण्याला अर्थ काय राहील? यातली भीती खरी आहे. बहुसंख्यांच्या देशात राहणाऱ्याला ‘सगळे वाहते आहे, वाहू द्या’ म्हणणे परवडते. परमुलखात थोडक्यांनी राहणाऱ्याला ते महाग पडते. नदीने काठ बदलला तर तिची नदी राहते, ओहोळाने बदलला तर तो जमिनीत जिरतो. काकूंच्या बाजूने बोलणाऱ्या तरुण मंडळींनी या गृहस्थांची थट्टा केली, ते मला आवडले नाही.

पण भीती खरी असली म्हणून तिच्यावरचा उपाय बरोबर ठरत नाही. ‘अस्सल महाराष्ट्रीय’ म्हणजे कुठले? गौरींचाच नैवेद्य घ्या. कोकणात बऱ्याच घरी घावन-घाटले, देशावर पुरणपोळी, पहिल्या दिवशी कुठे भाजी-भाकरी, कित्येक समाजांत गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष, नैवेद्य दाखवतात आणि तो तितकाच श्रद्धेने दाखवतात. आम्ही तिला महालक्ष्मी म्हणतो, रत्नागिरीचा माणूस गौर म्हणतो. यातली कुठली रीत अस्सल धरून इंदूरच्या काकूंना मोजायचे? प्रत्यक्षात होते असे की ‘अस्सल’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट ताट असते, पुण्यातल्या पांढरपेशा घरांचे, आणि तेही छापील पाककृतींनी, स्पर्धांनी आणि पाकीटबंद पिठांनी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत एकसारखे करून टाकलेले. वाटी-चमच्यांची मापे आली, मुलींना सासर-माहेरच्या पलीकडचे पदार्थ कळले, हे उपकारच झाले. पण त्याबरोबर घराघरांतले फरक चुका वाटू लागले. त्या मापाने मोजले तर 600 किलोमीटरवरचे इंदूर कायम पुण्याची फिकट प्रत ठरणार. ज्या नातवाला ओळख द्यायची, त्याच्या हातात आपण दुसऱ्याच्या घरची खूण देणार आणि स्वतःच्या घरची, जी त्याच्या पणजीने याच शहरात घडवली, ती मात्र स्पर्धेतून बाद करणार! ओहोळ जिरू नये म्हणून त्याला बांध घालावा लागतो हे मान्य. पण तो बांध त्याच्याच काठावर घालायचा असतो.

‘सगळे चालते’ म्हणणाऱ्यांशी माझे भांडण वेगळे आहे. परंपरा सतत बदलत आली, म्हणून कुठलाही बदल परंपराच, हा त्यांचा तर्क आहे आणि तो तकलादू आहे. काकूंच्या आजेसासूबाईंनी पानात कीस वाढला तो नावीन्य दाखवण्यासाठी नव्हे. पावसाळ्यात तो हाताशी होता, घरातल्यांना आवडला, पुढच्या वर्षी पुन्हा केला, तिसऱ्या वर्षी कुणीतरी ‘या वेळी कीस नाही का’ असे विचारले. त्या तिसऱ्या वर्षीच्या प्रश्नाने पदार्थाला घरात नाव मिळते. चॉकलेटच्या मोदकाला माझा तत्त्वतः विरोध नाही. साबुदाण्याची खिचडीही कधीकाळी कुणाच्या तरी नजरेत चॉकलेटचा मोदकच असणार. पन्नास वर्षांनी एखादी नात तो आजीच्या हाताखाली शिकून चतुर्थीला करत असेल, तर तिने तो खुशाल वारसा म्हणून मिरवावा. आज मात्र तो दुकानातून येतो, फोटोत जातो आणि पुढच्या वर्षी त्याची जागा दुसरा कुठला तरी प्रकार घेतो. पुन्हापुन्हा करण्यातून जी पारख होते, ती त्याला अजून लाभलेली नाही.

इथे एक अडचणीचा हिशेब काढावा लागतो, जो दोन्ही पक्षांनी सोयीने झाकून ठेवला. हे सगळे करायचे कोणी? ‘परंपरा जपा’ असे लिहिणाऱ्यांत पुरुष जास्त होते, आणि ‘विकत आणा, वेळ कुणाला आहे’ असे लिहिणाऱ्यांत नोकरी करणाऱ्या स्त्रिया. त्या स्त्रियांचे म्हणणे मला नाकारता येत नाही. आपण ज्या सुवर्णकाळाच्या चवी आठवतो, त्या काळच्या मोठ्या सोवळ्या घरांत स्वयंपाकघर बहुधा कुणाच्या जिवावर चालत असे? लहानपणी विधवा झालेली, आलवण नेसलेली एखादी आत्या किंवा काकू, पहाटे ओलेत्याने चुलीपाशी जाणारी आणि रात्री सर्वांत शेवटी जेवणारी. विधवाविवाहाचा कायदा 1856 मध्ये झाला, पण अशा घरांतल्या चुलीपर्यंत तो पोचायला पुढे कैक दशके लागली. कुळाच्या खास पदार्थांची ती खरी राखणदार होती, कारण तिला दुसरे काही राखायला ठेवलेच नव्हते. ‘आजीच्या हातची चव’ म्हणून आपण जिचे गोडवे गातो, तिच्यात या बिनपगारी, बिनसुट्टीच्या कष्टांचा वाटा किती, हे न मोजता आजच्या सुनेला ‘आमच्या वेळी सगळे घरी होत असे’ म्हणून सुनावणे निर्लज्जपणाचे आहे. तयार फराळ विकणाऱ्या गृहउद्योगांतून कित्येक बायकांचे संसार उभे राहिले. आमच्या घरी चकल्या गेली बारा वर्षे विकतच्या येतात आणि त्या उत्तम असतात.

तेव्हा दहाच्या दहा पदार्थ घरी करा, असे माझे म्हणणे नाही. एक करा. पण तो शिकण्याचे ओझे घरातल्या एकाच व्यक्तीच्या, तेही स्त्रीच्या, माथी मारू नका. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. त्यातली फजिती मला ठाऊक आहे.

आई गेली त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी तिची पाककृतींची वही काढली. आमच्या घरचा मानाचा पदार्थ अनारसे. वहीत त्याला जेमतेम दोन ओळी होत्या: ‘जाडा तांदूळ तीन दिवस, पाणी रोज बदलणे. गूळ पीठ पाहून.’ बस्स. मी रेशनचा जाडा तांदूळ आणला, तीन दिवस भिजवला, पंचावर पसरून दमट असतानाच दळला, चाळला, गूळ मिसळून गोळे डब्यात भरून ठेवले. पाचव्या दिवशी खसखशीवर पहिला अनारसा थापला आणि तुपात सोडला. तो हसला. ज्यांच्या घरी अनारसे होत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: अनारसा हसतो म्हणजे तुपात पडताच विरघळून त्याचा चुरा चहूकडे पसरतो. दुसरा हसला, तिसराही हसला. माझी मुलगी ओट्यापाशी उभी राहून अनारशांपेक्षा मोठ्याने हसत होती. शेवटी उज्जैनच्या आत्याला फोन केला. तिने आधी विचारले, ‘गोळा दाबल्यावर बोटाला चिकटतो का रे?’ चिकटत होता. ‘गूळ जास्त झाला. थोडी कोरडी पिठी मळ, आणि आच कमी कर. उलटू नकोस, खसखशीची बाजू वर, झाऱ्याने वरून तूप उडव.’ सातवा अनारसा जाळीदार उतरला.

‘पीठ पाहून’ या दोन शब्दांत माझ्या आजीपासूनचे सगळे ज्ञान कोंबलेले होते आणि ते वहीला देता आले नाही. ते आत्याच्या त्या एका प्रश्नात होते. वहीत जिन्नस टिकतात, मापे टिकतात, प्रदेशही टिकतो. पिठाकडे कसे पाहायचे, ते कुणाच्या तरी शेजारी उभे राहूनच कळते, किंवा अगदीच वेळ आली तर फोनवरून. पुण्याच्या डब्यातला अनारसा माझ्यापेक्षा निश्चित चांगला असतो. पण तो खाऊन माझ्या मुलीला हसलेल्या अनारशाचे काय करायचे हे कधीच कळले नसते. त्या अनारशावरची खसखसही मला त्या दिवशी नव्याने दिसली. सियागंजातून आणलेली ती खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी, आणि मंदसोर-नीमच हा आपल्याकडच्या परवान्याच्या अफूशेतीचा मुख्य मुलूख. 19व्या शतकात याच माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात होती. म्हणजे ज्या अनारशाला मंडळाने डोळे झाकून ‘अस्सल महाराष्ट्रीय’ म्हटले असते, त्याच्या पाठीवर माळवा पसरलेला आहे, आणि तो कुणी खरवडून काढत नाही.

आणि खरेच काही राखायचे असेल, तर राखण्याजोगे बरेच आहे. भांडण तिकडे वळायला हवे होते. काकू त्या दिवशी मला म्हणाल्या की कीस बाद झाला याचे त्यांना फारसे वाटले नाही, पण तो ‘तसा’ झाला नव्हता याचे वाटले. त्यांना देशी पांढरा भुट्टा मिळालाच नव्हता. जवळच्या भाजीवाल्याकडे फक्त गोड, पिवळ्या दाण्यांचा होता. तो किसला की पाणी फार सुटते, दूध घालायला जागाच राहत नाही आणि कीस मोकळा न होता शिऱ्यासारखा बसतो. साखर तर त्यांनी घातलीच नव्हती, तरी गोड लागला. परीक्षकांपैकी एकाच्याही हे लक्षात आले नाही. गोत्र तपासण्याच्या नादात पदार्थ चाखायचा राहून गेला. ज्याला वारशाची चिंता आहे, त्याने देशी भुट्ट्याचे बी कोण लावते, ते कुठल्या हाटात येते, हे विचारायला नको होते का?

या वर्षीच्या स्पर्धेची बैठक गेल्या महिन्यात झाली. मी सुचवले की ‘अस्सल महाराष्ट्रीय’ ही अट काढून तिच्या जागी दोन प्रश्न घालावेत: हा पदार्थ तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकलात, आणि या वेळी तो करताना तुमच्या हाताखाली कोण होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोरे असेल तर निम्मे गुण कापावेत, मग पदार्थ कितीही चांगला असो. बराच वेळ चर्चा झाली. निवृत्त शिक्षकांनी, माझी अपेक्षा नसताना, मला पाठिंबा दिला. त्यांना फक्त दुसऱ्या प्रश्नातले नाव मराठीत लिहिलेले हवे होते, आणि ते मी आनंदाने मान्य केले. चिटणिसांनी जुना अर्ज पुढे ओढला, चष्मा वर केला आणि म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण छापील अर्ज गेल्या वर्षीचे दोनशे शिल्लक आहेत, ते संपले की पाहू.